वरवंट्याला पंख नसतात

आमच्या रणधीरनं सगळा उन्हाळा खपून एक राक्षस बनवला. मातीचा नाही, लाकडाचा नाही, कागदावरचा. तेवीस वर्षांचा घोडा. इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडून घरी बसलेला. बापाच्या अफझलगंजच्या बियाण्यांच्या दुकानात पाऊल टाकायला तयार नाही. आणि खोलीचं दार लावून करतोय काय, तर राक्षसाचे पंख किती लांब असावेत ते लिहितोय. ह्याच वयात ह्याच्या आजोबांनी, हिम्मतरावांनी, ते दुकान उभं केलं होतं. पंखांवाचून.

हा राक्षस एका खेळासाठी होता. खेळ म्हणजे पत्ते नव्हेत, सोंगट्या नव्हेत. चार टोणगे दर रविवारी आमच्या गच्चीवरच्या खोलीत बसायचे. एक जण गोष्ट सांगतो, त्याला मास्टर म्हणायचं. बाकीचे गोष्टीतली माणसं होतात, कुणी तिरंदाज, कुणी जादूगार, कुणी चोर. मास्टर म्हणतो, समोरून अस्वल आलं. हे म्हणतात, मी बाण मारला. मग वीस तोंडांचा फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर अस्वल मेलं, लहान पडला तर बाण झाडात. असं दुपारपासून दिवेलागणीपर्यंत. शेवटी ना कुणी जिंकत, ना कुणी हरत. ज्यात कुणी हरतच नाही त्याला खेळ तरी कशाला म्हणायचं? आमच्याकडं सारीपाटावरून भाऊ भाऊ बोलायचे बंद झालेत.

मास्टर होता चैतन्य, आमच्या खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंचा मुलगा. माणसं गुंटूरकडची, पण पोरगा जन्मला आमच्याच घरात, रणधीरच्या पाठोपाठ. दुसरा मुनीर, तो नदीपलीकडून यायचा. तिसरा श्रवण, सिकंदराबादचा, बाप रेल्वेत. चौथा आमचा दिवटा.

तर शिमग्याच्या सुमाराला आमच्या दिवट्याचा तिरंदाज मेला. दरीत पडला. घरात सुतक असल्यासारखं तोंड करून बसला होता. त्यांचा नियम असा, की आपलं माणूस मेलं की नवं बनवायचं आणि ते मास्टरला पटलं तरच गोष्टीत यायचं. तोवर बाहेर. शहाण्यानं दुसरा तिरंदाज केला असता. ह्याला माणूसच नको होता. ह्याला हवा होता गार्गॉइल.

मला कॉम्प्युटरवर चित्र दाखवलं. कुठल्या तरी परदेशातल्या देवळाच्या छपरावर एक दगडी ध्यान उकिडवं बसलंय. वटवाघळाचे पंख, माकडाचं तोंड, आणि तोंडातून पावसाचं पाणी खाली.

"म्हणजे पन्हळ," मी म्हटलं.

"पन्हळ नाही गं आजी! दिवसा तो दगड असतो आणि रात्री जिवंत होतो. घराची राखण करतो. आतापर्यंत खेळात तो नुसता शत्रू असायचा. मी त्याची जमात बनवतोय, म्हणजे आपल्याला तो होऊन खेळता येईल."

"दिवसभर दगड आणि रात्री जागा. त्यासाठी खेळ कशाला? तुझ्या बापाला हे वर्णन सांग, त्यात तुलाच ओळखेल तो."

हसला नाही. ह्या पोराला रविवारखेरीज तोंड उघडताना कुणी बघितलेलं नाही, हसणं तर लांबच.

त्याच वर्षी आंध्र राज्याची वाटणी झाली. मला वाटण्यांचं कौतुक नाही. छप्पन साली एक बघितलीय. तेव्हा माझं माहेर बसल्या जागी मुंबईवाल्यांकडं गेलं आणि मी कोठी बाजाराच्या मागच्या ह्या गल्लीत बसल्या जागी आंध्रात गेले. दोन चुलत दीर ट्रंका बांधून औरंगाबादला निघाले. मराठी माणसानं मराठी राज्यात राहावं, असं म्हणाले. आता त्यांची नातवंडं इंग्रजीत शिंकतात. चौदा साली पुन्हा तेच. गल्लीत गुलाल उडाला, फटाके वाजले, आणि सकाळी नळाला पाणी होतं तेवढंच आलं.

पण खालच्या मजल्यावर वाटणी खरोखरीच झाली. चैतन्यच्या बापाच्या ऑफिसातली माणसं दोन राज्यांत वाटली जाणार होती. बाप घाबरट. त्यानं आपणहून गुंटूरला बदली मागून घेतली. आई सत्यवती भांडी खोक्यात भरायला लागली. पोरगा तिकडून कॉम्प्युटरवर खेळ चालू ठेवणार होता, तोंडं दिसतात म्हणे. आणि गोष्टीतही त्यानं तसंच रचलं. सगळी टोळी आपला मुलूख सोडणार, एका म्हाताऱ्या नावाड्याच्या मागून मोठी नदी ओलांडणार आणि नव्या मुलुखात जाणार.

इथं आमच्या राक्षसाचं घोडं अडलं. कारण आमच्याच विद्वानानं लिहून ठेवलं होतं, की गार्गॉइल ज्या इमारतीवर बसतो तिला सोडून गेला तर त्याचा भुगा होतो. चैतन्य म्हणाला, मग तो टोळीबरोबर येणार कसा? नाही चालणार, दुसरं काही तरी कर.

"मग पुसून टाक ना ते वाक्य," मी रणधीरला म्हटलं.

"ते पुसलं तर तो गार्गॉइलच राहत नाही, आजी. मग तो नुसता पंखवाला माणूस."

"आणि नाही पुसलं तर?"

 नाही पुसलं तर काय, ते उघडच होतं. मुनीर नदी ओलांडणार, श्रवण ओलांडणार, आणि हा मनोऱ्याच्या टोकावर बसून राहणार. त्यानंतरचे त्याचे रविवार मला न सांगता दिसत होते. एवढा साधा हिशेब त्याला आणि चैतन्यला एकमेकांशी बोलता येत नव्हता. जिन्यात भेटले तरी पंखांच्या लांबीबद्दल बोलायचे.

ऑगस्टात एक दिवस सरकारनं सगळ्यांना घरी बसवलं. घरोघर जाऊन माणसं मोजायची होती. दुकानं बंद, बस बंद, कोठीचा रस्ता मोकळा. जो घरात नसेल तो मोजला जाणार नाही असं लोकांनी धरून ठेवलं होतं, त्यामुळं कुठकुठली माणसं धापा टाकत घरी आली होती. आमच्याकडं मोजायला नवं काही नव्हतं. मी सकाळीच मागच्या सज्जात पाटा-वरवंटा मांडून तिळाची चटणी वाटायला बसले होते. माझी सून सुनीता मिक्सर वापरते. मिक्सरची चटणी मी खात नाही. ती चटणी नसते, चिखल असतो.

चैतन्य वर आला. काखेत कागद, हातात फाशांची पिशवी.

"आज करून टाकू," तो रणधीरला म्हणाला. "परवा ट्रक ठरेल. पुन्हा टाइम नाही मिळणार."

मास्टरची एक पद्धत होती. कुणी नवी जमात बनवली की ती आधी तिसऱ्याच माणसाच्या हातात द्यायची. ज्यानं बनवली त्यानं खेळून बघायची नाही, कारण तो आपल्या लेकराच्या खोडी झाकतो. माणसांच्या लग्नातही ही पद्धत आणायला हरकत नाही. हे काम मुनीर करणार होता, पण मुनीर आपल्या घरी मोजला जात होता, श्रवण त्याच्या.

दोघांनी माझ्याकडं बघितलं.

"हात धुऊन ये, आजी," रणधीर म्हणाला.

"मला तुमचा तमाशा कळत नाही."

"म्हणूनच तर. ज्याला काहीच कळत नाही असंच माणूस लागतं."

अठ्ठ्याहत्तर वर्षांत मला असं कुणी बोललं नव्हतं. ह्यांना धडा शिकवायचा म्हणूनच मी उठले.

दिवाणखान्यात चटईवर नकाशा अंथरला. पंख्यानं उडायला लागला. बोटाएवढी शिशाची माणसं मांडली होती, तीही लवंडली. रणधीरकडं गार्गॉइलचं बाहुलं नव्हतं, तो खडू-बिडू शोधायला लागला. मी सज्जातून वरवंटा आणला, पदरानं पुसला आणि दाणकन नकाशाच्या मधोमध ठेवला.

"हा घे तुझा राक्षस. आता नकाशा पण उडणार नाही."

शिशाची माणसं त्याच्यापुढं मुंग्यांसारखी दिसायला लागली. काळाभोर, हातभर लांब, एका टोकाला टवका उडालेला. तो टवका माझ्या प्रतापनं, ह्या रणधीरच्या बापानं पाडलेला, लहानपणी जिन्यावरून गडगडवत नेताना. माझा वरवंटा माहेरचा आहे. पाटा सासरचा, तो तितकासा बरा नाही.

चैतन्यनं घसा साफ केला. गोष्ट सांगताना तो आवाज बदलतो, पाण्याच्या टाकीत तोंड घालून बोलल्यासारखा.

"आजी, तुम्ही मनोऱ्याच्या टोकावर बसलाय. रात्र झाली, म्हणजे तुम्ही जिवंत झालात. खाली पावलांचा आवाज येतोय. क्या करते?"

"येऊ दे."

"बघत नाही?"

"माणसं येतात-जातात. कितींकडं बघू?"

"चोर आहेत. तिघं. दाराचं कुलूप तोडतायत."

"आत काय आहे?"

चैतन्य अडखळला. "आत... एक म्हातारा राजा झोपलाय."

"एकटाच? सुना कुठायत?"

"सुना नाहीत."

"मग तो जगून करतोय काय?"

"आजी, तुला त्याची राखण करायचीय!" रणधीर ओरडला.

"मला जेवायला कोण घालतं?"

"गार्गॉइल जेवत नाही."

"मग राखणही करत नाही."

चैतन्यनं हसू दाबलं. पोरगा धूर्त, बाईमाणसाला कुठं चिमटा घ्यावा ते त्याला कळतं. म्हणाला, "चोरांपैकी एकानं वर बघितलं. दुसऱ्याला म्हणाला, ही वरची थेरडी कसली भयाण दिसते रे."

"टाक उडी त्याच्या टाळक्यावर," मी म्हटलं.

फासा माझ्या हातात दिला. मी टाकला. वीस पडला. दोघांचे डोळे पांढरे झाले. चोर जागच्या जागी गेला, बाकीचे दोघं पळाले.

"ह्यात मला काय मिळालं?"

"अनुभव मिळतो, आजी," चैतन्य म्हणाला. "तो गोळा करायचा."

"अठ्ठ्याहत्तर वर्षं काय गोळा करतेय मग मी, शेण?"

इतक्यात मोजणाऱ्या बाई आल्या. कुठल्या तरी शाळेतल्या शिक्षिका, घामानं निथळत होत्या. मी पाणी दिलं. त्यांनी खालच्या सत्यवतीलाही वरच बोलावून घेतलं, एकदाच दोन घरं उरकायला. मला तेलुगूत विचारलं, मूळ गाव कुठलं.

"ज्या गावाचं नाव सांगीन ते दुसऱ्या राज्यात गेलंय. मी नाही गेले. लिहायला जागा आहे?"

बाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, "अम्मा, आता कुठं राहता तेवढं सांगा."

मग सत्यवतीची पाळी. ती पदराचं टोक पिळत उभी. "अम्मा, हम लोगां तो जा रहे," ती मला म्हणाली, जसं काही मीच सरकार. "सामान बांध लिए. नाम लिखाना के नक्को?"

"आज सकाळी कुठं उठलीस?"

"इधरीच."

"चहा कुठं प्यालीस?"

"इधरीच."

"मग इथंच लिही म्हणावं. उद्याचं उद्या."

बाईंनी तिघांची नावं लिहिली. चैतन्य चटईवरून मान वर करून आपलं नाव लिहिलं जाताना बघत होता. बाई गेल्या, सत्यवतीही डोळे पुसत खाली गेली. तिला रडायला कारण लागत नाही.

आम्ही पुन्हा बसलो. चैतन्यचा टाकीतला आवाज आता निघेना, साध्याच आवाजात म्हणाला, "सकाळ झाली. आजी, तुम्ही दगड झालात. आणि राजा मेला. मनोरा रिकामा. तुमचे सोबती नदीवर निघालेत. संध्याकाळी तुम्ही जागे होता तेव्हा ते खालून हाक मारतायत, की चल. तुम्ही काय करता?"

"कोण सोबती? मला तर कुणीच भेटलं नाही."

"समजा भेटले."

मी वरवंट्याकडं बघितलं. "मी का जाऊ? मनोऱ्यावर बसलेय तर बसलेय. ज्याला जायचं त्यानं जावं."

चैतन्यनं पेन्सिल खाली ठेवली.

"देखा?" तो रणधीरला म्हणाला. "हेच मी बोलत होतो. कुणीही खेळलं तरी तो छप्पर सोडणार नाही. नाही चालणार रे."

रणधीरचे कान लाल झाले. त्यानं कागद गोळा करायला सुरुवात केली. वरवंटा हलत नव्हता म्हणून खालचा नकाशा ओढला, तो फाटला.

"तुला चालवायचाच नव्हता."

"बैंगन के बातां मत कर, फालतू. तूच लिहिलंस, घर सोडलं की भुगा. मी नाही लिहिलं."

"नदी कुणी काढली गोष्टीत? तू! इतकी वर्षं टोळी इथं मजेत होती. तुला जायचंय तर तू जा ना. सगळ्यांना कशाला नेतोस?"

"मला जायचंय?" चैतन्य उभाच राहिला. "मला विचारलं कुणी? मी नदी काढली म्हणून तर सगळे सोबत येतात! तू एकटा भुगा-भुगा लिहून छपरावर बसलास. मीच खाली उभा राहून हाक मारतोय आणि तू..."

पुढं त्याला मराठी पुरेना. हिंदीही पुरेना. तेलुगूत काही तरी पुटपुटला आणि खिडकीकडं तोंड करून उभा राहिला.

दोन शिकलेली गाढवं. एकाला येतोस का विचारता येत नाही, दुसऱ्याला येतो म्हणता येत नाही. त्यासाठी मध्ये परदेशी देवळाचं पन्हळ लागतं. मला संताप आला.

"खाली बसा दोघं," मी म्हटलं. "दगड घराचा असतो असं तुम्हाला सांगितलं कुणी?"

"सगळीकडं तसंच लिहिलंय, आजी," रणधीर म्हणाला.

"सगळीकडं म्हणजे त्या डबड्यात. माझ्याकडं बघ. हा काय आहे?"

"वरवंटा."

"बारशाच्या दिवशी पाळण्यात आधी कोण जातं? पोर?"

रणधीरला माहीत नव्हतं. कुठून असणार? बारशाला त्याचं लक्ष जिलबीवर.

"आधी हा जातो. ह्याला टोपडं घालतात, कुंची घालतात, काजळाची तीट लावतात. पाळण्याच्या खालून-वरून बायका एकीच्या हातातून दुसरीच्या हातात देतात. हा पाळण्यात निजतो, मग पोर. कुणाची वाईट नजर आली तर आधी ह्याच्यावर पडू दे, आणि पोर ह्याच्यासारखं टणक होऊ दे. ह्या घरात जेवढी पोरं झाली त्या सगळ्यांचा हा थोरला. प्रतापचा, तुझा." मी खिडकीकडं बोट केलं. "आणि ह्याचा."

चैतन्य वळला. "माझा?"

"तुझ्या आईला विचार. तुमच्यात पद्धत नव्हती. मी म्हटलं, माझ्या घरात जन्मलाय, माझ्या पद्धतीनं निजेल. पाळण्यात टोपडं घातलेला दगड बघून तिनं किंकाळी फोडली, सगळी गल्ली गोळा झाली. आता कळलं? घराचा दगड तो भिंतीच्या पायात घालतात. हा घराचा नाही, पोराचा. पोर जाईल तिकडं जायचा. ज्या राजाला मी कधी बघितलं नाही त्याच्या मनोऱ्यावर कशाला बसू? दिलंत का मला एखादं पोर? दिलं असतंत तर बघितलं असतं, नदी काय चीज आहे."

 मग रणधीरनं फाटलेला नकाशा उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहायला लागला, भराभर.

"म्हणजे तो इमारतीला नाही, एका माणसाला बांधलेला," तो म्हणाला. "त्या माणसावरचा वार तो स्वतःवर घेऊ शकतो. त्या माणसापासून लांब गेला तर भुगा. चैतू, हे चालेल?"

चैतन्य येऊन बसला. मास्टर झाला पुन्हा. "दिवसा दगड. दिवसा टोळी चालते. मग ह्याला नेणार कोण?"

"ज्याचा आहे त्यानं उचलायचा," मी म्हटलं. "फुकट राखण कुणाला मिळते?"

"हौ, हे बराबर." त्याचे डोळे चमकले. "त्या माणसाला दुसरं ओझं नेता येणार नाही. वजन आहे ना. पण एक राहिलं. उडणं. पहिल्या दिवसापासून उडणारा कुणी टोळीत आला तर बाकीच्यांनी काय करायचं? भिंत आली, हा उडाला. दरी आली, हा उडाला."

रणधीरचा हात थांबला. पंखांवर त्यानं पानंच्या पानं लिहिली होती. हाडं किती, कातडं कसलं, वारा पडला तर काय. सगळा उन्हाळा त्यातच गेला होता.

"पंख हवेतच," तो म्हणाला.

"वरवंट्याला पंख असतात का?" मी म्हटलं. "पंख असते तर त्यानं तुमची वाट बघितली असती? ज्याला उडता येतं तो कुणाच्या पिशवीत बसत नाही."

त्यानं पंखांची पानं ओढून घेतली. मग ती पानं त्यानं दुमडली आणि मांडीखाली सारली. फाडली नाहीत. आमच्याकडं काही फाडलं जात नाही, नुसतं साठतं.

"ठीक," तो म्हणाला. "पंख नाहीत. पण मग कुणाचा? टोळीतल्या कुणाला तरी बांधायला लागेल. मुनीरला विचारू?"

चैतन्य फासे पिशवीत भरत होता. वर न बघता म्हणाला, "नावाड्याचा. तो म्हातारा माझाच आहे, त्याचं मीच बोलतो. शेवटपर्यंत सोबत येतो." आणि मग, "एंट्री पक्की."

मी वरवंटा उचलला आणि सज्जात गेले. तीळ वाळून गेले होते. तीन तासांत एक चोर मारला आणि चटणी वाया. माझ्या आयुष्यात एवढं फुकट काम मी केलेलं नाही.

ट्रक आला तेव्हा गल्लीतली सगळी माणसं उभी राहून बघत होती. मदतीला कुणी नाही. सत्यवतीनं कढीपत्त्याची कुंडीसुद्धा घेतली, जसं काही गुंटूरला कढीपत्ता उगवत नाही. माझ्या पाया पडली, रडली, सांबाराचा मसाला देऊन गेली. तिच्या सांबारात चिंच जास्त असते, पण तिला ते कधी कळलं नाही.

मग चैतन्य वर आला. हातात रणधीरनं नीट छापून काढलेले कागद. पाया पडला, उठला, आणि उभाच राहिला. रणधीर दाराला टेकून त्याच्याकडं बघत होता. ह्यांचं काही तरी आधी ठरलेलं होतं, ते मला दोघांच्या थोबाडावरून कळलं.

"बोल."

"आजी, हा दुसरा नियम वाचू?" आणि वाचलाच. "'दगड घराचा नाही, पोराचा. पोर जाईल तिकडं जायचा.' तुम्हीच बोलले. रूल बोले तो रूल."

"तो खेळातला नियम."

"खेळातला नाही," रणधीर म्हणाला. "खेळात आम्ही नंतर घेतला. आधी तुझाच होता."

प्रतापचा मोठा पुण्याला गेला, त्यानं नेला नाही, मिक्सर नेला. पुतण्याची पोरगी अमेरिकेला गेली, ती तर पाट्याला दगडी ट्रे म्हणायची. ह्या वरवंट्याची इतकी भावंडं घरातून बाहेर पडली, कुणी मागितला नाही. आणि मागतोय कोण, तर आंध्राचा पोरगा, खेळातल्या कागदावरून.

नाही म्हणता आलं असतं. पण मग माझाच शब्द खोटा पडला असता, तोही ह्या दोन शेंबड्यांपुढं. मी कुठल्याच खेळात हरलेले नाही, ह्यात काय हरणार होते? सज्जात गेले. वरवंटा धुतला. प्रतापच्या जुन्या धोतराच्या फडक्यात बांधला आणि चैतन्यच्या हातात आदळला. तो वजनानं पुढं वाकला.

"स्वतः उचलून न्यायचा. ट्रकमध्ये नाही टाकायचा. मांडीवर."

"हौ, आजी."

"आणि तुझ्या आईला म्हणावं चटणी वाट. दुकानातली पुडी फोडून ह्याच्यासमोर खाल्लीत तर मला कळेल."

"कैसा कळेल?"

"कळेल."

ट्रक गेला. पाटा मी भिंतीला टेकवून ठेवला. सुनीतानं आनंदानं मिक्सर पुढं सरकवला. पहिल्या दिवशी चाखून बघितलं. चिखल.

रविवारी दुपारी रणधीर गच्चीवर न जाता दिवाणखान्यातच कॉम्प्युटर घेऊन बसला. मला दाखवायचं होतं, दुसरं काय. चार चौकोनांत चार तोंडं. मुनीर, श्रवण, आमचा दिवटा, आणि चैतन्य, त्याच्यामागं न उघडलेली खोकी. त्याच्यासमोर टेबलावर नकाशा, आणि नकाशावर वरवंटा. उभा. वर हळद-कुंकू. सत्यवतीचंच काम.

"उभा काय केलायस त्याला?" मी ओरडले. "देव आहे का तो? आडवा ठेव. पाळण्यातला आहे."

"आजी, तुम्ही खेळात नाहीत. मध्ये बोलायचं नाही," चैतन्य म्हणाला. पण आडवा केला.

मग टाकीतला आवाज काढून सांगायला लागला. होडी नदीच्या मध्यावर आलीय, संध्याकाळ होतेय, पलीकडच्या काठावर तिरंदाज आहेत. पहिला बाण सुटला. नावाड्याच्या छातीच्या रोखानं.

"मी पुढं येतो," आमचा रणधीर म्हणाला. इतक्या मोठ्यानं म्हणाला की स्वयंपाकघरातून सुनीता बघायला आली. "बाण माझ्यावर."

फासा टाकला. तीन पडला. तीन म्हणजे वाईट, एवढं आता मलाही कळतं.

"मेला?" मी विचारलं.

"नाही आजी," तिकडून चैतन्य म्हणाला. "टवका उडाला. एक."

"एक नाही, दोन. एक त्याला आधीपासून आहे, प्रतापनं पाडलेला. लिहून घ्या नीट, नाही तर म्हणाल दोन्ही बाणानं पाडले."

रणधीरनं कागद ओढला आणि लिहिलं. इंग्रजीत. मराठीत लिही म्हटलं असतं तर अक्षराला अक्षर जोडता जोडता होडी बुडाली असती.